उन्हाळी सुटीत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी कूटलेखनाची कार्यशाळा कशी घ्यावी

कूटलेखन म्हणजे गुप्त लिपीत लिहिणे, आणि गुप्त लिपीची गोडी मुलांना मुद्दाम लावावी लागत नाही. 'मला' या शब्दाचे 'चलाम' आणि 'पाणी' या शब्दाचे 'चाणीप' करणारी च-ची भाषा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि मोठ्यांना कळू नये म्हणून ती भराभर बोलण्यात मुलांना केवढा आनंद वाटतो हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. या आनंदाला गणिताची जोड देऊन, पुण्या-मुंबईपासून दूरच्या शाळेतही, संगणक नसला तरी सहा सकाळींची उत्तम कार्यशाळा घेता येते. पहिल्यांदाच अशी कार्यशाळा घेऊ पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी हा लेख लिहिला आहे.

एक नियम सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची सगळी आखणी त्यावर उभी आहे. मुले जी लिपी शिकली ती त्यांनी स्वतःच्या हाताने फोडल्याशिवाय पुढची लिपी दाखवायची नाही. पहिल्या वर्षी मी हा नियम पाळला नव्हता. रोज एक नवी लिपी, तिचा इतिहास आणि फळ्यावर एक उदाहरण असा क्रम ठेवला होता, आणि चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आले की मुलांना लिप्यांची नावे पाठ झाली आहेत, पण एक लिपी दुसरीपेक्षा भक्कम का, हे एकालाही सांगता येत नाही.

तयारी

वेळ ठरवताना सुटीचा स्वभाव लक्षात घ्यावा. वार्षिक परीक्षा संपली की मुले मामाच्या गावाला जातात आणि दहावीत जाणाऱ्यांचे जादा वर्ग सुरू होतात, म्हणून परीक्षेनंतरचा लगेचचा आठवडा किंवा शाळा उघडण्यापूर्वीचा आठवडा हे दोनच काळ खऱ्या अर्थाने सोयीचे असतात. सकाळी साडेसात ते साडेदहा ही वेळ ठीक. विदर्भात आणि मराठवाड्यात दहाच्या आत मुले घरी पोहोचतील असे पाहावे. चोवीस मुले पुरे. चार-चार जणांचे सहा गट करावेत आणि प्रत्येक गटात आठवी, नववी, दहावी अशी सरमिसळ ठेवावी, म्हणजे भागाकारातल्या बाकीचे गणित समजावून सांगण्याचे निम्मे काम मोठी मुलेच करतात.

सामान साधेच लागते. चौकटीचे कागद, जाड पुठ्ठा, कात्री, कंपासपेटी, टाचण्या, खोडरबराचे तुकडे, जुनी वर्तमानपत्रे, प्रत्येक गटाला एक साधा गणकयंत्र, आणि चौथ्या दिवसासाठी दोन कुलपे एकाच वेळी बसतील अशा मोठ्या कडीची एक पत्र्याची ट्रंक. ट्रंक आणि दोन वेगवेगळ्या किल्ल्यांची कुलपे आदल्या दिवशी लावून पाहावीत. कडीत दुसरे कुलूप शिरतच नाही असे ऐनवेळी कळले तर त्या दिवसाचा सगळा रंग जातो.

पहिला दिवस : चकती

सुरुवात च-च्या भाषेपासूनच करावी. दोन मुलांना पुढे बोलावून त्या भाषेत बोलायला लावावे आणि मग विचारावे, की ही भाषा येणाऱ्या तिसऱ्यापासून तुम्ही काय लपवू शकता? काहीच नाही, कारण या भाषेत पद्धत हेच गुपित आहे. एकदा पद्धत कळली की भाषा कायमची निकामी होते. येथे किल्लीची कल्पना मांडावी : पद्धत सर्वांना ठाऊक असली तरी किल्ली ठाऊक नसेल तर मजकूर वाचता येऊ नये. ऑग्युस्त केरकॉफ या मूळच्या डच भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये फ्रेंच भाषेत लिहिलेल्या लेखांत लष्करी कूटलेखनासाठी हीच अट घातली होती, आणि आजही तीच कसोटी मानली जाते.

आता चकती. क पासून ज्ञ पर्यंत आपली व्यंजने ३६, आणि वर्तुळाचे अंश ३६०. प्रत्येक अक्षराला बरोबर १० अंश मिळतात, त्यामुळे कोनमापकाने चकती आखणे फार सोपे जाते. एक मोठी आणि एक लहान अशा दोन चकत्या कापून दोन्हींवर क, ख, ग, घ, ङ या क्रमाने ळ, क्ष, ज्ञ पर्यंत अक्षरे लिहावीत, मध्ये टाचणी खोचून मागे खोडरबर लावावा. ज्युलियस सीझर आपल्या पत्रांत अक्षरे तीन घरे पुढे सरकवत असे, तेच येथे करायचे आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि सुटे स्वर जसेच्या तसे ठेवायचे. तीन घरे सरकवल्यावर 'पुणे' चे 'भुदे' होते, 'सांगली' चे 'क्षांचषी' होते, आणि 'शाळा' चे 'हाका' असा चक्क मराठी शब्दच तयार होतो. असे योगायोग पुष्कळ घडतात आणि काही नकोसे शब्दही निघतात, म्हणून आपण द्यायचे मजकूर आधी घरी सरकवून पाहिलेले असावेत.

तासाभरात मुले एकमेकांना चिठ्ठ्या पाठवू लागतात. मग किल्ली न सांगता फळ्यावर एक चिठ्ठी लिहावी. चकती फिरवत ३५ किल्ल्या पडताळणे सहा गटांना वाटून दिले तर काही मिनिटांचे काम आहे, आणि त्यातून पहिला धडा मिळतो, की किल्ल्यांची संख्या कमी असेल तर लिपी टिकत नाही. परंतु त्याच वेळी फळ्यावर 'क्षाधाशा' एवढा एकच शब्द लिहून पाहावा. गावाचे नाव आहे एवढी सूचना दिली, की चकतीला हातही न लावता कोणीतरी 'सातारा' असे ओरडते. तीन अक्षरे, तिन्हींना काना, आणखी काय पाहिजे? देवनागरीत मात्रा उघड्या राहिल्या तर शब्दाचा सांगाडा उघडा राहतो. या दोषावरचा उपाय लगेच सांगू नये, मुलांना रात्रभर विचार करू द्यावा.

दुसरा दिवस : मोजदाद

आज अक्षरे सरकवायची नाहीत, तर वाटेल तशी अदलाबदल करायची. ३६ अक्षरांच्या अदलाबदलीचे प्रकार ३६ × ३५ × ३४ असे करत एकपर्यंत गुणले तेवढे होतात. गणकयंत्रावर हा गुणाकार मावत नाही, आणि हे मुलांनी स्वतः करून पाहावे. एवढ्या किल्ल्या आहेत म्हणजे ही लिपी अभेद्य असणार, असे त्यांचे मत बनते. ते बनू द्यावे.

नंतर प्रत्येक गटाला वर्तमानपत्रातील एकेक बातमी देऊन त्यातील व्यंजने मोजायला सांगावे. र, त, ल, क, य, न यांच्या खुणांच्या रांगा लांबत जातात. ङ आणि ञ यांची घरे बहुधा रिकामीच राहतात. सहा गटांच्या बेरजा फळ्यावर शेजारी शेजारी मांडल्या, की बातम्या वेगळ्या असूनही आकडे एकमेकांसारखे निघालेले पाहून मुले थक्क होतात. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने अक्षरे मोजून लिपी फोडण्याची हीच रीत लिहून ठेवली होती. मुलांनी मोजल्यानंतर हे सांगितले तर ते लक्षात राहते, आधी सांगितले तर राहत नाही.

मराठीत मोजदादीपेक्षाही धारदार असे एक हत्यार आहे. आपली असंख्य वाक्ये 'आहे' ने संपतात. वाक्याच्या शेवटी वारंवार 'आ' आणि त्यापुढे एक मात्रा असलेले अक्षर दिसले, की ते अक्षर 'ह' असणार. 'णे', 'चा', 'ची', 'ला' हे शेवट तसेच पकडता येतात. अंदाजाच्या शब्दाने किल्ली हुडकण्याची ही युक्ती दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या लिपी फोडण्याच्या केंद्रात जर्मनांच्या एनिग्मा या कूटलेखन यंत्राविरुद्धही वापरली गेली. तेथे हवामानाच्या अहवालांतील ठरावीक शब्द उपयोगी पडत, आणि एनिग्मात कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपात कधी उमटत नसे, या दोषाची मदत होई. एनिग्माचा पहिला भेद मात्र त्याआधी, १९३२ मध्ये, मारियान रेयेव्स्की या पोलंडच्या गणितज्ञाने केला होता, हे आवर्जून सांगावे.

फोडण्यासाठी दिलेला मजकूर दोनशे अक्षरांपेक्षा कमी नसावा. नवखे आयोजक येथे हमखास चुकतात : दोन ओळींचा मजकूर देतात, त्यात मोजण्यासारखे काही नसते, आणि मुले हिरमुसतात.

तिसरा दिवस : फोड आणि न फुटणारी लिपी

मात्रांवरचा उपाय एव्हाना कोणीतरी सुचवलेला असतो. व्याकरणाच्या तासाला आपण जोडाक्षरांची फोड करतो तशी प्रत्येक शब्दाची फोड करायची : सातारा म्हणजे स् + आ + त् + आ + र् + आ. अ ते औ हे ऋ धरून ११ स्वर, १ अनुस्वार आणि ३४ व्यंजने अशी ४६ घरांची एकच यादी करून तिला या क्रमाने १ ते ४६ क्रमांक द्यावेत. क्ष आणि ज्ञ यांचीही फोड होत असल्यामुळे त्यांना वेगळे घर लागत नाही.

आता ४, १७, ९ अशी तीन आकड्यांची किल्ली घेऊन ती पुन्हा पुन्हा लावावी. स् चा क्रमांक ४४, त्यात ४ मिळवले की ४८, त्यातून ४६ वजा केले की २, म्हणजे आ. याप्रमाणे 'सातारा' चे आ, छ, म, ऊ, ओ, औ असे होते. मूळ शब्दातील तीन काने छ, ऊ आणि औ या तीन वेगळ्या खुणांखाली लपले आहेत, हे वर्तुळ करून दाखवावे. युरोपात अशा फिरत्या किल्लीच्या लिपीचे वर्णन १५५३ मध्ये बेलासो या इटालियनाने केले, नाव मात्र व्हिज्नेर या फ्रेंच माणसाचे पडले, आणि फोडण्याची सर्वसाधारण रीत छापून यायला १८६३ साल उजाडले. ती रीत मुलांकडून करून घेता येते. किल्ली तीन आकड्यांची आहे एवढे सांगून पानभर मजकूर द्यावा. प्रत्येक तिसरे अक्षर एकाखाली एक लिहिले की तीन रकाने पडतात, आणि प्रत्येक रकाना म्हणजे पहिल्या दिवसाचीच साधी सरकती लिपी असते. फोड केलेल्या मराठीत अ आणि आ इतक्या वेळा येतात की प्रत्येक रकान्यात ते चटकन सापडतात.

मग किल्ली संपूच दिली नाही तर? पिशवीत १ ते ४६ क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. प्रत्येक वेळी एक काढून आकडा लिहून घ्यायचा आणि चिठ्ठी परत टाकून पिशवी हलवायची. मजकुराएवढीच लांब आणि एकदाच वापरायची अशी ही किल्ली. तिचे सामर्थ्य दाखवण्यासाठी एक प्रयोग मी कधीही चुकवत नाही. वरचीच सहा अक्षरे, आ, छ, म, ऊ, ओ, औ, फळ्यावर ठेवून अर्ध्या वर्गाला ४, १७, ९, ४, १७, ९ ही किल्ली द्यावी आणि उरलेल्या अर्ध्या वर्गाला १६, १७, ४१, ३, ४३, १० ही द्यावी. प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून किल्लीचा आकडा वजा करायचा, उत्तर शून्य किंवा उणे आले तर ४६ मिळवायचे. एका बाजूला 'सातारा' येते, दुसऱ्या बाजूला 'नाशिक', आणि दोन्ही बाजू आपलेच उत्तर खरे म्हणून भांडू लागतात. फोडणाऱ्याच्या हाती सहा अक्षरांचा कोणताही शब्द लागू शकतो, आणि त्यातला खरा कोणता हे ठरवायला त्याच्याजवळ काहीही नसते. क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या आपल्या निबंधात सिद्ध केलेली परिपूर्ण गुप्तता ती हीच. मात्र किल्ली दुसऱ्यांदा वापरली की ही अभेद्यता संपते. १९४० च्या दशकात सोव्हिएत संघाच्या काही किल्ल्यांची पाने दोनदा छापली गेली, आणि त्यामुळे अमेरिकेला त्यांचे अनेक संदेश पुढे वाचता आले.

चौथा दिवस : ट्रंक

न फुटणारी लिपी मिळाली, तरी किल्ली मित्रापर्यंत पोहोचवायची कशी हा प्रश्न उरतो, आणि कार्यशाळेतला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे.

दोन मुले वर्गाच्या दोन टोकांना उभी करावीत आणि मध्ये एक 'पोस्टमन' ठेवावा. पोस्टमन कुलूप फोडणार नाही, पण ट्रंक उघडी मिळाली तर पत्र नक्की वाचेल. दोघांकडे आपापले कुलूप आणि आपापली किल्ली आहे, आणि किल्ली द्यायची नाही. पत्र कसे पोहोचेल? घाई करू नये. वीस मिनिटे लागली तरी चालतील. शेवटी कोणाला तरी सुचते : पहिल्याने आपले कुलूप लावून ट्रंक पाठवावी, दुसऱ्याने त्याच कडीत आपलेही कुलूप लावून परत पाठवावी, पहिल्याने आपले कुलूप काढून पुन्हा पाठवावी, आणि मग दुसऱ्याने आपले कुलूप उघडावे. किल्ली कोणाच्याही हातून गेली नाही.

एका वर्षी पोस्टमन झालेल्या नववीतल्या मुलीने ट्रंक पलीकडे नेलीच नाही. दाराआड गेली, स्वतःच्या सायकलचे कुलूप कडीत अडकवले आणि ट्रंक परत आणून दिली. पहिल्या मुलाने दुसरे कुलूप पाहून निर्धास्तपणे आपले काढले, आणि तिने पत्र मोठ्याने वाचून दाखवले. हे मी ठरवलेले नव्हते, तिला ते सुचले होते. तेव्हापासून कोणी हे केले नाही तर मी पोस्टमनला हळूच सुचवतो, कारण किल्ली गुप्त राहिली तरी समोरचा माणूस खरोखर तोच आहे का, हा प्रश्न वेगळाच आहे, हे यापेक्षा चांगले शिकवता येत नाही. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे आणि डिजिटल सही ही याच प्रश्नाची उत्तरे आहेत.

नंतर तेच गणिताने करावे. घड्याळात दहानंतर पाच तासांनी तीन वाजतात, एवढ्यावरून भागाकारातल्या बाकीचे अंकगणित सुरू होते. फळ्यावर सर्वांसमोर ५ आणि २३ हे आकडे लिहावेत. एक मुलगी मनात ७ धरते, ५ चा सातवा घात करून २३ ने भागते आणि बाकी १७ मोठ्याने सांगते. दुसरा मुलगा मनात ३ धरतो आणि ५ च्या तिसऱ्या घाताची बाकी १० मोठ्याने सांगतो. आता ती १० चा सातवा घात घेते, तो १७ चा तिसरा घात घेतो, दोघेही २३ ने भागतात, आणि दोघांचीही बाकी १४ येते. सगळ्या वर्गाने सगळे ऐकले, तरी १४ फक्त त्या दोघांना मिळाले. डिफी आणि हेलमन यांनी ही रीत १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. मोठ्या घातांची बाकी प्रत्येक गुणाकारानंतर लगेच काढायची सवय येथेच लावावी, नाहीतर गणकयंत्राचा पडदा अपुरा पडतो. आकडे लहान असल्याने ही किल्ली पडताळून काढता येते. ते गटांनी करावेच, आणि मग खऱ्या वापरात येथे शेकडो अंकी संख्या असतात हे सांगावे.

पाचवा दिवस : मूळ संख्या

तीन गटांना ८९ × ९७ करायला द्यावे, तीन गटांना ८६३३ चे मूळ अवयव पाडायला द्यावे, आणि गणकयंत्रे काढून घ्यावीत. पहिले गट मिनिटभरात मोकळे होतात. दुसऱ्यांना २, ३, ५, ७ असे करत चोविसाव्या मूळ संख्येपर्यंत, म्हणजे ८९ पर्यंत, चालत जावे लागते. गुणणे सोपे आणि अवयव पाडणे अवघड, या एका विषमतेवर रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये आपली पद्धत उभी केली.

उदाहरण लहान ठेवावे. मूळ संख्या ३ आणि ११ घ्याव्यात. त्यांचा गुणाकार ३३, आणि प्रत्येकीतून एक वजा करून केलेला गुणाकार २ × १० म्हणजे २०. आता ३ आणि ७ निवडाव्यात, कारण ३ × ७ ला २० ने भागले की बाकी १ उरते. ३३ आणि ३ ही जाहीर किल्ली, ती दारावर लिहून ठेवली तरी चालते. ७ ही खाजगी. संदेश ४ असेल तर ४ चा घन ६४, त्याची ३३ ने भागून बाकी ३१. हा झाला कूट संदेश. उलगडताना ३१ चा सातवा घात करायचा असतो, पण ३१ म्हणजे ३३ ला २ कमी, तेव्हा उणे २ चा सातवा घात उणे १२८, त्यात १३२ मिळवले की ४. हे ४ फळ्यावर उमटते तेव्हा वर्गात क्षणभर शांतता पसरते. संदेश ७ घेऊन मुलांना स्वतः करू द्यावे, कूट संदेश १३ यायला हवा. ही जादू का घडते याची पूर्ण सिद्धता दहावीच्या मुलांना एका सकाळीत देण्याचा आग्रह धरू नये. ज्यांना हवी त्यांच्याबरोबर तास संपल्यावर बसावे.

एवढ्यात कोणीतरी विचारतेच, की प्रचंड मोठी संख्या मूळ आहे हे तरी कसे कळते. २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी अशी तपासणी खात्रीने आणि वाजवी वेळात करता येते हे सिद्ध केले. ते दोन विद्यार्थी तेव्हा नुकतेच पदवीधर झाले होते. अवयव पाडण्याचे मात्र तसे नाही. २०२० मध्ये २५० अंकी संख्येचे अवयव पाडता आले, आणि आज प्रचलित असलेल्या २०४८ बिटांच्या (म्हणजे ० आणि १ या दोनच अंकांत लिहिल्यास २०४८ अंकी) किल्लीत ६१७ अंक असतात. क्वांटम संगणकाचा प्रश्नही येतो. तसा पुरेसा मोठा संगणक तयार झाला तर ही पद्धत मोडेल हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवले, आणि त्याला तोंड देणाऱ्या नव्या पद्धतींची मानके अमेरिकेत २०२४ मध्ये जाहीर झाली, एवढे उत्तर या वयाला पुरते.

शाळेत संगणक असल्यास शेवटच्या तासात पायथन या संगणकीय भाषेत सरकती लिपी लिहून घ्यावी. एक खाचखळगा आधीच ठाऊक असावा : युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाने प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांच्या यादीत, अक्षराच्या क्रमांकात नुसता एक मिळवून चालत नाही, कारण न आणि प यांच्यामध्ये नुक्ता असलेला ऩ बसलेला आहे, आणि ळ हा ल च्या शेजारी आहे. अक्षरांची यादी आपणच करावी. 'की' हे एक अक्षर संगणकाला क आणि दीर्घ वेलांटी अशा दोन खुणा म्हणून दिसते, हे पाहून मुलांना तिसऱ्या दिवसाची फोड आठवते.

सहावा दिवस

पहिला अर्धा तास वापराच्या नियमांना द्यावा, आणि तो गंभीरपणे द्यावा. आपण बनवलेली लिपी खऱ्या गुपितासाठी वापरायची नाही. जगभरच्या तज्ज्ञांनी वर्षानुवर्षे फोडायचा प्रयत्न करूनही टिकलेल्या पद्धतीच वापरायच्या. दुसऱ्याच्या फोनवर किंवा खात्यावर हात आजमावणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली गुन्हा ठरू शकतो. घरातील मोठ्यांना फोनवरून ओटीपी विचारला जातो तेव्हा लिपी फुटलेली नसते, माणूस फसवला जात असतो; ट्रंकेच्या पोस्टमनची गोष्ट घरी आजीला सांगावी, असे मुलांना सांगावे.

उरलेला वेळ गटांच्या स्पर्धेचा. प्रत्येक गट दुसऱ्यासाठी एक मजकूर तयार करतो, पद्धत जाहीर करतो आणि किल्ली लपवतो. गुण फोडणाऱ्यालाही मिळावेत आणि न फुटलेल्या लिपीलाही, मात्र मजकूर दोनशे अक्षरांचा आणि अर्थपूर्ण हवा.

निरोप देताना प्रत्येक मुलाला फिरत्या किल्लीने लिहिलेला एक पानभर मजकूर घरी न्यायला द्यावा, किल्लीची लांबीसुद्धा न सांगता. मूळ मजकूर आणि किल्ली बंद पाकिटात घालून पाकिटावर सर्व मुलांच्या सह्या घ्याव्यात आणि ते मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावे. जून महिन्यात शाळा उघडली की पहिल्या गणिताच्या तासाला, ज्यांनी उत्तरे आणली असतील त्यांच्यासमोर, ते फोडावे.